सोसायटीचं शून्य बिल आणि चार टन कोळसा

परवा रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. या सभा कशा होतात ते कोथरूडकरांना सांगायला नको. पाऊण तास पार्किंगवर, वीस मिनिटं कबुतरांच्या जाळीवर, आणि मुख्य विषय निघाला तेव्हा निम्मे लोक घड्याळ बघत होते.

मुख्य विषय होता गच्चीवरचं सोलर. २० किलोवॉटचा प्रकल्प दोन महिन्यांपूर्वी सुरू झाला. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं सामाईक बिल जवळजवळ शून्यावर आलं. सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, म्हणजे आम्हाला ३ लाख ६० हजार. या कामासाठी खजिनदारांनी दीड वर्ष चपला झिजवल्यात, त्यामुळे टाळ्या झाल्या त्या रास्तच होत्या. मग त्यांनी उत्साहात ठराव मांडला, की गेटवर फलक लावायचा: 'कोळसामुक्त सोसायटी'.

सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. "तुमचं काय आता?" या नजरेने सगळ्यांनी बघितलं. (मागच्या वर्षी रंगाच्या निविदेलाही मीच आडवा आलो होतो.) मी उभं राहून काहीतरी बोललो, ते मलाच नीट कळलं नाही, इतरांना कुठून कळणार. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी साधा हिशोब. २० किलोवॉटचं सोलर पुण्याच्या उन्हात दिवसाला सरासरी ८० युनिट देतं, महिन्याला २४०० च्या आसपास. त्यात सामाईक बिल भागलं. पण आमच्याकडे ३२ फ्लॅट आहेत. फ्रीज, एसी, गीझर, टीव्ही धरून घरटी २५० युनिट म्हटले तरी ८००० युनिट होतात. ते गच्चीवरून येत नाहीत, तारेतून येतात.

देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोळशावर होते. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट काढायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. देशाची सरासरी लावली तरी आमच्या ३२ घरांसाठी महिन्याला चार टनांच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्के. म्हणजे सव्वा-दीड टन राख.

दर महिन्याच्या एक तारखेला कोणी आमच्या पार्किंगमध्ये चार टन कोळसा ओतला आणि तीस तारखेला दीड टन राख ठेवून गेला, तर पुढची सभा काय होईल याची मी कल्पना करू शकतो. तो कोळसा कुठेतरी ओतला जातोच. फक्त ते ठिकाण आमच्या पार्किंगपासून सातशे किलोमीटरवर आहे.

माझी थोरली बहीण लग्न होऊन विदर्भात गेली. भावोजी एका औष्णिक वीजकेंद्रात होते, कोळसा हाताळणी विभागात. केंद्राचं नाव लिहीत नाही, निवृत्त झाले तरी त्यांना ते आवडणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेलो की ते मला लांबून वॅगन टिपलर दाखवायचे. मालगाडीचा अख्खा डबा यंत्राने उचलून उपडा करायचा, आतला कोळसा धडाधडा खाली, डबा परत रुळावर. पुढे तो कोळसा पट्ट्यांवरून चढत जातो, मिलमध्ये दळून पावडरीसारखा बारीक होतो, आणि मग हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो. पावसाळ्यात ओला कोळसा चिकटून बसतो, कधी त्यात मोठाले दगड निघतात, मग रात्री-बेरात्री सगळे घणबिण घेऊन धावतात. आपल्याकडे दिवा क्षणभर लुकलुकला की आपण वैतागतो. तिकडे त्याआधी दोन तास कोणाची तरी झोप गेलेली असते.

भावोजींचं एक वाक्य लक्षात राहिलंय. "संध्याकाळचे सात वाजले की पुण्या-मुंबईवाले बटन दाबून राह्यले, हे आमाले इथं बसून समजते." मला तेव्हा ती फुशारकी वाटली होती. ते फक्त त्यांच्या कामाचं वर्णन करत होते.

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला सात कोटी युनिट, आणि त्यासाठी चाळीस-पंचेचाळीस हजार टन कोळसा. पन्नास-साठ डब्यांच्या मालगाड्यांत मोजायचं तर रोज अकरा-बारा गाड्या. कोराडीला १९८० मेगावॉटचे तीन मोठे संच, बाजूला खापरखेडा. तिरोड्याला खासगी कंपनीचे ३३०० मेगावॉट. नकाशा उघडून बघा, राज्यातली कोळशाची वीज बरीचशी पूर्वेकडे तयार होते आणि वापर बराचसा पश्चिमेकडे. १९९९ पासून चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी आहे, १५०० मेगावॉट वाहून नेणारी. कोळसा इकडे आणण्यापेक्षा वीज आणणं सोयीचं, हा साधा तांत्रिक विचार. त्यात गैर काही नाही. पण वीज तारेतून येते आणि राख तिकडेच राहते, हा त्याचाच दुसरा भाग.

"पण आता तर देशात निम्मी क्षमता कोळशाची नाहीच," असं सभेत एका तरुणाने मला सांगितलं. बरोबर आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं, की स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सोलरचं एक मेगावॉट चोवीस तासांत पाच-सहा तास जोरात चालतं, कोळशाचं रात्रंदिवस चालू शकतं. म्हणून क्षमतेत निम्मं आणि प्रत्यक्ष युनिटांत तीन चतुर्थांश, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. पेपरमध्ये पहिला आकडा मथळ्यात येतो आणि दुसरा आतल्या पानावर. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली होती. २०२४-२५ मध्ये देशात पहिल्यांदाच एका वर्षात शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला. सोलर वाढतंय आणि कोळसाही वाढतोय, दोन्ही.

आमच्या शून्य बिलातही हीच गंमत आहे. दुपारी लिफ्ट रिकामी असते, पॅनल जोरात असतात, जास्तीची वीज आम्ही महावितरणच्या तारेत सोडतो. रात्री तेवढीच परत घेतो. कागदावर वजाबाकी झाली, बिल शून्य. पण दुपारी दिलेली वीज कोणी आमच्यासाठी डब्यात भरून ठेवलेली नसते. रात्री लिफ्ट चालते ती रात्रीच्या विजेवर, आणि रात्रीच्या विजेत मोठा वाटा कोळशाचा.

आणि औष्णिक संच म्हणजे घरातला पंखा नव्हे, दुपारी बंद केला आणि सातला लावला. बॉयलर थंड पडला तर परत पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात. म्हणून दुपारी सोलर आलं की संच बंद न करता दाबून चालवतात, ५५ टक्क्यांपर्यंत. त्यात युनिटमागे कोळसा उलट जास्त लागतो, यंत्रांची झीजही होते. सातला सूर्य गेलेला असतो, शहरं घरी परततात, आणि दाबलेले संच परत चढवायचे. आपल्याकडे त्या वेळेला कोयना मदतीला असते, १९६० मेगावॉट, काही मिनिटांत सुरू. पण कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणीही वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधलेलं आहे. वाट्टेल तेवढं सोडता येत नाही.

मी सोलरच्या विरोधात नाही, हे परत सांगतो, कारण सभेनंतर जिन्यात मला कोणीतरी "कोळसा लॉबी" म्हटलं. माझ्या मते प्रत्येक गच्चीवर पॅनल हवेत. शेतीसाठी सौर फीडर होतायत, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावपासून २०२४ मध्ये सुरुवात झाली, तो तर गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. रात्री दोन वाजता विंचू-सापांत मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं याची किंमत युनिटांत मोजता येत नाही. माझं भांडण फक्त फलकावरच्या त्या शब्दाशी आहे. एकदा आपण मुक्त झालो असं ठरवलं की तिकडे काय चाललंय हे विचारायची गरज उरत नाही.

तिकडे काय चाललंय? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं, ८३.८८ गुण. पुढे आकडा थोडा उतरला, पण 'अतिप्रदूषित' हा शिक्का गेला नाही. दोष एकट्या वीजकेंद्राचा नाही. खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, कोळशाचे ट्रक आहेत. जुलै २०२२ च्या पावसात कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांतून पुढे गेलं. परळीला कोळसा होता, पण पाणी नव्हतं, म्हणून २०१३ च्या दुष्काळात तिथले संच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या विजेला पाणी किती लागतं हे मराठवाड्याला तेव्हा कळलं.

ताई पुण्याला आली की दिवसातून दोनदा खिडकीचा कठडा पुसते. मी म्हणतो, अगं इथे एवढी धूळ नसते. ती म्हणते, माहिती आहे, हाताला सवय आहे.

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की तासाभरात मुळशी. रविवारी आपण तिथे कणसं खायला जातो. १९२१ मध्ये तिथे सेनापती बापटांनी मावळ्यांबरोबर सत्याग्रह केला, कारण धरणात त्यांची गावं आणि भातखाचरं जाणार होती आणि वीज जाणार होती मुंबईला. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुरापासून सुटका हवी होती, आणि तीही खोटी गरज नव्हती. गावं गेली. भिऱ्याचं वीजघर आजही चालतं. वीज पाण्यातून काढा नाहीतर कोळशातून, कोणीतरी शहराबाहेरचा माणूस त्यात असतोच. आता सोलर साठवायला म्हणून सह्याद्रीत पाणी वर चढवून खाली सोडायचे प्रकल्प येतायत, मावळात शिरवट्याला १८०० मेगावॉटचा ठरलाय. तो लागणारच आहे, माझा विरोध नाही, पण त्या वेळी तिथल्या लोकांना कोण विचारणार, याकडे आपलं लक्ष असावं.

आता मुद्द्यावर येतो, कारण सभेत मला हेच म्हणायचं होतं आणि जमलं नाही.

२००६ आठवतंय? महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. खेड्यांत बारा बारा तास वीज नसायची. आणि पुण्यात? पुण्यात त्या उन्हाळ्यानंतर भारनियमन नव्हतं. 'पुणे पॅटर्न' म्हणून ते देशभर गाजलं. युक्ती अशी होती, की ज्या कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर होते त्यांनी टंचाईच्या वेळी ते चालवायचे, त्यांच्या वाटची ग्रिडमधली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वापर असलेल्या पुणेकर ग्राहकांकडून युनिटमागे काही पैसे घेऊन भरून काढायचा. राज्याच्या वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली. आमच्या घरात कुरकुर झाली, पण आम्ही भरले. मुलाची दहावी होती. अंधारात बसण्यापेक्षा चार पैसे जास्त गेलेले बरे, असा अगदी सरळ हिशोब. बहुतेक कोथरूडने तोच केला.

म्हणजे युनिटमागे काही पैसे जास्त भरायला आपण तयार असतो. स्वतःच्या दिव्यासाठी.

आता दुसरी तारीख बघा. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नियम केला, की औष्णिक केंद्रांनी धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, मुदत दोन वर्षं. मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश क्षमतेला त्यातून सूटच मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहराजवळची केंद्रं सुटली नाहीत. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचं एकेक प्रकरण बघून ठरणार. बाकीची सुटली. कारण? एक म्हणजे, आपल्या कोळशात गंधक कमी असतो. हे खरं आहे, त्याला उगाच खोटं म्हणण्यात अर्थ नाही. दुसरं, खर्च फार, वीज महागेल. हेही खरं आहे, युनिटमागे काही पैसे.

तेच काही पैसे.

मला कोणी विचारलंच नाही, की कोथरूडमधला तू, महिन्याला अडीचशे युनिट जाळणारा, चंद्रपूरच्या हवेसाठी युनिटमागे पंचवीस-तीस पैसे देशील का. विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. महिन्याला पाऊणशे रुपये. एका मिसळीच्या आत. ज्याला शंभर युनिटही परवडत नाहीत त्याला वगळा, २००६ मध्येही लहान ग्राहकाला वगळलंच होतं. पण 'ग्राहकांवर बोजा पडेल' असं माझ्या नावाने सांगायचं आणि माझ्या बहिणीच्या खिडकीवर ढकलायचं, हे मला मान्य नाही.

असे पैसे घेतले तर ते तिकडे जातील का, ही शंका मलाही आहे. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला होता, वाढत वाढत तो २०१६ पर्यंत ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो पैसा राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईकडे वळला. हवा स्वच्छ करायची म्हणून गोळा केलेला पैसा भलतीकडेच गेला. म्हणून माझं म्हणणं असं, की उपकर नको. बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. कोळसा महागला की इंधन समायोजनाची ओळ निमूटपणे फुगते आणि आपण भरतो. तशीच एक ओळ हवी, केंद्राच्या नावानिशी, कुठे यंत्रणा बसली आणि किती खर्च झाला याच्या हिशोबासह. आयोगाच्या दरवाढीच्या सुनावण्या पुण्यातही होतात, सामान्य ग्राहकाला लेखी हरकत देता येते, उभं राहून बोलता येतं. आपल्याच कोथरूडात, जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाच्या गल्लीत 'प्रयास'चं ऊर्जा गटाचं ऑफिस आहे, एन्रॉनचा करार ज्यांनी आकड्यांनिशी फाडला होता ते. म्हणजे हे काम कसं करतात ते शिकायला लांब जायला नको.

"सरळ बंद करा ना ती केंद्रं," असंही सभेत एक जण म्हणाले. माझा भाचा आयटीआय करून तिकडेच कंत्राटदाराकडे लागलाय, सव्वीस वर्षांचा आहे. देशाचं नेट झिरोचं वर्ष २०७० आहे. जुने संच त्याआधीच निवृत्त होतील, चंद्रपूरचे पहिले दोन झालेही. भाचा विचारतो, "मामा, सोलरच्या कंपन्या इकडे येतील का?" माझ्याकडे उत्तर नाही. ऊन तिकडे भरपूर आहे, तारा आहेत, जमीन आहे, ग्रिडला जोडलेली उपकेंद्रं आहेत. जिथे संच बंद होतो तिथेच पुढचं काम आधी उभं करा, ही मागणीही त्या हरकतीत लिहायला हवी. आणि सध्या उलटंच घडतंय. कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच मंजूर झालेत. लागतीलही कदाचित. पण आधीच्या राखेचं काय ते आधी सांगा.

राखेवरून आठवलं. कोथरूडात सध्या गल्लीगल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे. नवीन इमारतींच्या राखेच्या विटा आणि सिमेंटमधली फ्लाय अॅश हीच. २०२१ च्या नियमाप्रमाणे केंद्रांनी सगळी राख वापरात आणायची आहे. म्हणजे 'कोळसामुक्त' फलक ज्या भिंतीवर लागेल, त्या भिंतीतही थोडा कोळसा असू शकतो.

फलकाचं काय झालं? खजिनदार सोमवारी घरी आले, जरा रागातच. दोन कप चहा झाला, मी त्यांना ताईशी फोनवर बोलायला दिलं. काय बोलणं झालं माहीत नाही, बरंच लोणच्याविषयी झालं असावं. फलकावर आता 'दिवसा सौर' एवढंच लिहायचं ठरतंय. हरकतीच्या पत्राचा मसुदा मी करतोय, सही करायला ज्यांना यायचं त्यांनी यावं, आमच्या सोसायटीचे असाल किंवा नसाल.

आणि पाण्याच्या पंपाचा टायमर शनिवारी बदलला. आधी पंप रात्री नऊला चालायचा, आता दुपारी बाराला, सोलर जोरात असताना. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार आली आहे, की टाकीत भर उन्हात भरलेलं पाणी संध्याकाळी नळाला कोमट येतं.